कोळशाच्या खोलीतली सभा

आमच्या घरी कोळसा पोत्याने येई. कारखान्याच्या वसाहतीत प्रत्येक घराच्या मागच्या अंगाला न्हाणीघर होते, आणि न्हाणीघराला चिकटून एक ठेंगणी, बिनखिडकीची खोली. तिच्यात जळाऊ लाकडे आणि कोळशाची पोती राहत. भिंती विटांच्या, छत मात्र बेंगळुरूकडच्या रिवाजाप्रमाणे लांब दगडी फरश्यांचे. मोठ्या माणसाला वाकूनच आत शिरावे लागे. पहिला भोंगा होण्याआधी आई त्या खोलीतून सुपात कोळसा घेऊन बाहेर येई, बंब पेटवी, आणि थोड्या वेळाने शेगडीवर उप्पिटाचा रवा भाजल्याचा वास घरभर पसरे. त्या सकाळींचे आवाज मला आजही ओळीने ऐकू येतात: बंबाच्या झाकणाचा, शेजारच्या सरसक्कांनी दारात पाणी शिंपडल्याचा, ‘हालु, हालु’ करत येणाऱ्या दूधवाल्याचा, आणि या सगळ्यांवर पांघरूण घालणारा भोंग्याचा. भोंगा झाला की अण्णा सायकल काढत, आणि घर जरा सैल होई.

अण्णा म्हणजे माझे वडील, मूळचे बेळगावकडचे. कारखान्यात ते पर्यवेक्षक होते आणि साहाय्यक अभियंत्याची जागा त्यांना आज ना उद्या मिळणार, असे सगळे म्हणत. घरात त्यांना आवाज चढवताना मी कधी ऐकले नाही. तशी गरजच पडत नसे. ते पानावर बसले की मी आणि धाकटा विनू भांड्याचाही आवाज होऊ देत नसू. आई चांद्याकडची, तिचे वडील तिकडे रेल्वेत होते. लग्नानंतर तिने बेळगावची बोली उचलली, बेंगळुरूला आल्यावर सरसक्कांकडून कामापुरती कन्नड उचलली, आणि या दोन थरांखाली तिची माहेरची बोली गाडली गेली. माझ्याविषयी सांगण्यासारखे इतकेच, की मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, अभ्यासात बरी होते आणि बोलत नव्हते. पुढे नोकरीही ग्रंथालयात केली, जिथे न बोलणे हा गुण समजला जातो. लिहायला बसले तीही ऐंशीच्या घरात आल्यावर. वाचकांनी या उशिराबद्दल क्षमा करावी.

भास्करमामा, आईचा धाकटा भाऊ, पावसाळा सरता सरता आमच्याकडे आला. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात लोखंडी टोकाची काठी, आणि अंगावर शर्ट असा लोंबत होता की जणू तो दुसऱ्या कुणासाठी शिवला असावा. आईने दारातच त्याच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, “काऊन इतका वाळला रे? कोणी जेवाले देत नव्हतं काय तुले?” तिच्या तोंडून ‘तुले’ हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मला वाटले, घरात आणखी एक अनोळखी बाई आली आहे, आणि ती मला फार आवडली.

मामाने हातपाय धुतले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर घरातल्या प्रत्येक खोलीचे छत काठीने वाजवून पाहिले. ठेंगण्या कोळशाच्या खोलीत तर तो कान वर करून बराच वेळ उभा राहिला. अण्णा मागे येऊन म्हणाले, “काय करायलात भास्करराव?”

“सवय, भाऊजी. छत वाजवल्याशिवाय मी कुठं बसत नाही. पक्कं असलं तर टणटण बोलते. सुटलं असलं तर बद्द आवाज येते.” मग आमच्याकडे वळून त्याने समजावले, की तो चांद्याकडच्या एका कोळशाच्या खाणीत सरदार होता, आणि पाळीची माणसे खाली उतरण्याआधी आत जाऊन छत तपासणे हे सरदाराचे काम.

“सरदार?” विनू म्हणाला. “मग घोडा कुठाय?”

“घोडा शहाणा असते रे. तो खाली उतरत नाही.”

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले, की हा क्षय नव्हे, पण क्षयाचा चुलतभाऊ आहे. खाणीची धूळ फुप्फुसात बसली आहे. घरच्यांना त्यापासून भय नाही, मात्र थंडी संपेपर्यंत ही हवा सोडायची नाही, इंजेक्शने चुकवायची नाहीत, आणि रोज दूध-अंडी. परत धुळीत गेला तर मग मला विचारायला येऊ नका, असेही ते म्हणाले. अंड्यांचा प्रश्न आईने एकटीने सोडवला. कोळशाच्या खोलीत एक जुनी शेगडी आणि एक पिचके पातेले ठेवले, आणि अण्णांची सायकल वळली की तिथे अंडी उकडू लागली. संध्याकाळी अण्णा मागच्या दारी आले की नाकाला रुमाल लावत आणि म्हणत, “थंडी पडायला लागली की.” याहून अधिक ते काही बोलले नाहीत, आणि मी त्यांची कृतज्ञ आहे ती अशा गोष्टींसाठी.

एका बाबतीत मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी सूचना दिली होती. मामा खाणीत नोकरीला आहे, एवढेच बाहेर सांगायचे. तो तिथल्या कामगार संघटनेच्या पायाचा दगड होता, त्यासाठी तुरुंगात जाऊन आला होता, हे सरसक्कांनाही कळता कामा नये. अण्णांचा कारखाना सरकारी, काम नाजूक स्वरूपाचे. नोकरी लागतानाच पोलिसांनी गावाकडे जाऊन चौकशी केली होती. ‘युनियन’ हा शब्द आमच्या घरात दाराला कडी लावूनही उच्चारला जात नसे.

त्यामुळे मामा तो इतिहास सांगे तो मागच्या अंगणात, उन्हात, अवरेकाई सोलता सोलता. थंडीत बेंगळुरूत त्या पावट्यासारख्या शेंगांचे ढीग येतात. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक दाणा बोटांत चिमटून सालीतून उडवायचा; मग त्याचे सारू करायचे. ते सारू खाण्यापेक्षा दाणे उडवण्यातच जास्त वेळ जातो, आणि गोष्टी ऐकायला याहून चांगले काम नाही. मामाच्या बोटांवर आणि मनगटांवर निळसर रेघा होत्या. जखमेत कोळसा शिरला आणि वर कातडी आली की तो आत तसाच राहतो, हे त्याने मला एक दाणा उडवत सहज सांगितले.

त्याच्या खाणीत माणसे पाच मुलखांतली होती. तेलुगू, छत्तीसगढी, गोंड, हिंदुस्थानी, आणि थोडे आपले. ठेकेदाराने मुद्दामच तशी आणली होती. एकमेकांचे बोलणे कळले नाही म्हणजे एकी होत नाही, असा त्याचा हिशोब. छताला आधार द्यायचे लाकडी टेकू तो कमी पुरवी. एकदा छत बसले आणि दोन माणसे त्याखाली मेली. ज्याने त्यावर तोंड उघडले त्याला दुसऱ्या दिवशी दिवाघरातून दिवाच मिळाला नाही. दिवा नाही म्हणजे खाली उतरणे नाही, खाली उतरणे नाही म्हणजे चूल नाही. जमिनीवर सभा घ्यावी तर ठेकेदाराचे लाठीवाले चेहरे टिपून ठेवत.

“मग?” मी विचारले. मी प्रश्न विचारला याचेच मला नवल वाटले.

“मग एल्लय्या नावाचा एक म्हातारा तेलुगू होता, तो भाकरीच्या सुट्टीत खालीच म्हणाला, दिवे मालवा. साऱ्यांनी आपापला दिवा फुंकला. कुमुद, खाणीतला अंधार तुले सांगून समजणार नाही. डोळे मिटले काय, उघडले काय. त्या अंधारात ज्याला जे बोलायचं ते तो बोलला. नाव सांगायचं नाही. एकानं एकच गोष्ट बोलायची. ज्याच्याबद्दल बोलणं आहे त्यानं तिथं बसायचं नाही. आणि अंधारात जे बोललं ते उजेडात कोणी काढायचं नाही. बस, एवढीच आमची घटना.”

“पण आवाज ओळखू येत असतील ना?”

मामा हसला, हसता हसता खोकला. “साऱ्यांचे! जन्मभर एकमेकांच्या शेजारी खणणारे आम्ही. अंधार आवाज लपवासाठी नाही पोरी. समोरच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून आपलं तोंड उघडते.”

टेकू आल्याशिवाय खाली उतरायचे नाही, असे त्या अंधारात ठरले. दुसऱ्या दिवशी खाणीच्या तोंडाशी ठेकेदाराने एकेकाला विचारले, हे कोण म्हणाले? पाच भाषांत एकच उत्तर आले: अंधार होता, दिसले नाही. शेवटी लाकडांच्या गाड्या आल्या. तीच त्यांची पहिली मागणी आणि पहिला विजय. पगार, पाणी, दवाखाना हे सगळे त्यानंतरचे. मामा त्याच्या पुढचेही लपवीत नसे. नोंदणी झाली, झेंडा आला, एकाच्या दोन संघटना झाल्या, आणि अंधारात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली माणसे दोन व्यासपीठांवरून एकमेकांना शिव्या देऊ लागली. “दिव्याखाली उभं राहाची गोडी लागली बाप्पा लोकायले,” तो म्हणे आणि पुढचा दाणा जरा जोरात उडवी. पुढे त्या सगळ्या खाणी सरकारच्या झाल्या, ठेकेदार गेले. ते पाहायला मामा होता, आणि त्याचे पत्र आले तेव्हा मी पेढे आणले होते.

संक्रांत होऊन गेली होती. एका संध्याकाळी अण्णा घरी आले, पाय धुतले, आणि कॉफी मागितली नाही. आई पेला घेऊन उभी राहिली.

“साहेबांनी बोलावलं होतं,” अण्णा म्हणाले. “म्हणाले, घरी पाहुणे आहेत म्हणे, बरेच दिवस. चांद्याचे. खाणीतले. मग म्हणाले, तुमचं नाव यंदा वर गेलंय, सांभाळा. एवढंच.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? आहेत म्हणालो.”

घर लहान होते. पलीकडच्या खोलीत मामाचा खोकला थांबला होता, म्हणजे तो ऐकत होता. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आम्ही उठलो तेव्हा तो वळकटी बांधत होता.

“कोण जा म्हणालं?” अण्णांनी दारातून विचारले.

“कोणी नाही, भाऊजी. पण राहा असंही कोणी म्हणालं नाही.”

आईच्या हातातले सूप हलायचे थांबले. डॉक्टरांचे शब्द आम्हा सगळ्यांच्या कानात होते. मामा चांद्याला गेला तर धुळीत जाईल, आणि राहिला तर कदाचित अण्णांची जागा जाईल, कदाचित हे घरही. मला त्या क्षणी दोघांकडेही बघवेना, म्हणून मी दोरीच्या गाठीकडे बघत राहिले.

मामाच मग अर्धवट हसून म्हणाला, “मी काय म्हणतो, भाऊजी, एकट्यानं ठरवू नका. एकट्यानं ठरवलं का छत एकट्याच्या डोक्यावर पडते. घरच्यायले विचारा. आमच्यासारखं, दिवे मालवून.”

“हे घर आहे भास्करराव, खाण नव्हे.”

“तिन्हीसांजेला मी दिवा मालवणार नाही,” आई एकदम म्हणाली. “लक्ष्मीची वेळ असते.”

कोणीही सभेला नाही म्हटले नव्हते. आईने फक्त वेळेला हरकत घेतली होती. हे बहुधा सर्वांत आधी विनूच्याच लक्षात आले. “कोळशाच्या खोलीत दिवसासुद्धा अंधारच असतो की,” तो म्हणाला.

अण्णा नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. त्यांनी चष्मा काढला, पंच्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “जेवणं झाल्यावर.” आज वाटते, उजेडात जे बोलता येत नव्हते ते त्यांनाच सर्वांत जास्त बोलायचे होते.

जेवणे झाली. मामा नियमाप्रमाणे अंगणात पेरूच्या झाडाखाली बसला. आम्ही चौघे वाकून आत शिरलो आणि अण्णांनी दार लावले. फटीत आईने पोते कोंबले. मग खरोखरच काही दिसेना. मी एका पोत्यावर बसले. खालचा कोळसा कुरकुरला. ओल्या लाकडांचा, राखेचा, आणि ज्याचे नाव घरात घेतले जात नव्हते त्या अंड्यांचा वास होता. शेजारी बंबाचे तांबे निवताना टकटक करत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. एकदा विनू शिंकला आणि आईने सवयीने “शतं जीव” म्हटले, ते सभेत धरायचे की नाही, कोण जाणे.

पुढचे लिहिताना माझा हात अडखळतो. अंधारात बोललेले उजेडात काढायचे नाही, असा नियम होता, आणि आम्ही चौघांनी तो जन्मभर पाळला. आता विनू आणि मी दोघेच उरलो आहोत. मी त्याला फोन करून विचारले. तो म्हणाला, “लिही, पण नावं घालू नकोस.” तसेच करते.

पहिला आवाज नुकताच फुटू लागलेला होता. तो म्हणाला, “मला मामा इथं हवाय. झालं माझं.”

दुसऱ्या आवाजाने आमच्या जन्मापासून त्या घरात काही मागितलेले मी ऐकले नव्हते. तो फक्त जेवायला वाढत असे. तो म्हणाला, “लग्न झाल्यापासून माझ्या माहेरचं एकही माणूस माझ्या घरी राहिलेलं नाही. लांब पडते म्हणून मी कधी बोलावलं नाही. आता आलं आहे ते मी जाऊ देणार नाही. नोकरीवर संकट आलं तर मी लोकांच्या घरी पोळ्या लाटीन. पण त्याले धुळीत पाठवणार नाही.” त्या ‘त्याले’वर आवाज जरा हलला.

तिसरा आवाज माझा. आपला स्वतःचा आवाज उघड करायला नियमाची आडकाठी नाही. मला वाटले की मी बोललेच नाही; पण ते शब्द खोलीत ऐकू आले. मी म्हणाले, “लपवलं म्हणून ते चोरीसारखं दिसतं. साहेबांना आपण होऊनच सगळं सांगावं. बायकोचा भाऊ आहे, संघटनेत आहे, आजारी आहे, बरा झाला की जाईल. त्यात खोटं काही नाही आणि वाईटही काही नाही.” अण्णांसमोर मी एवढी सलग वाक्ये त्याआधी कधी बोलले नव्हते. समोर ते दिसत असते, तर पहिल्या वाक्याच्या आतच थांबले असते.

बंब टकटकत राहिला. आणि मग तो चौथा आवाज, ज्याची घराला भीती वाटे, म्हणाला, “मला भीती वाटते.” तो पुढे म्हणाला, “रोज वाटते. हे छत आपलं नव्हे. कारखान्याचं आहे. ते गेलं तर तुम्हा तिघांना घेऊन कुठं जाऊ, हा विचार करत मी सायकल चालवत असतो. भास्करराव आल्यापासून नव्हे, आधीपासून. बाकी… आजारी माणसाला घालवून जे छत राहतं, ते वाजवून बघायची माझी हिंमत नाही.”

बस. मते कुणी मोजली नाहीत. अंधारात एक हात चाचपडत आला आणि माझ्या डोक्यावर थांबला. कुणाचा, ते सांगण्याची गरज नाही. मग अण्णांनी दार उघडले.

उजेडात आल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. अण्णांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराची मागची बाजू काळी झाली होती, आईच्या कपाळावर काळे बोट उमटले होते, विनूचे नाक काळे, माझे दोन्ही तळवे काळे. मामा झाडाखालून उठला. त्याने आम्हाला नीट न्याहाळले आणि काठीवर रेलून असा हसला की त्याला पुन्हा खोकला आला.

“बाप्पा! ताई, तुझा तर सारा परिवारच पाळीवरून आला.”

“हसू नका,” अण्णा म्हणाले. “वळकटी सोडा आधी.” आणि मग, न राहवून, “आणि ती अंडी इथं उकडतात, तेवढा धूर बाहेर जाईल असं काहीतरी करा की. डोळे जळतात.”

आईने पदर तोंडाला लावला. भिंतीपलीकडून सरसक्कांनी काय झाले म्हणून विचारले, “एनायितु, अक्का?” आई म्हणाली, “एनू इल्ला, काही नाही, कोळसा मोजत होतो.”

दुसऱ्या संध्याकाळी अण्णा आले आणि आल्याबरोबर कॉफी मागितली. “सांगितलं,” म्हणाले. “सगळं सांगितलं.”

“मग? साहेब?”

“बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ‘सरी.’” कन्नडमध्ये ‘बरं’ म्हणायला तेवढा एक शब्द पुरतो.

त्या वर्षी बढतीच्या यादीत अण्णांचे नाव आले नाही. ते पुढे बऱ्याच उशिरा आले. एकाचा दुसऱ्याशी संबंध होता की नव्हता, हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही, आणि नियमाप्रमाणे आम्हीही विचारले नाही. मामा उगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, राहिला, अंगावर मांस चढले, आणि डॉक्टरांनी जमिनीवरचे काम करायची परवानगी दिल्यावर संघटनेच्या कचेरीत कामाला परत गेला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षे जगला. मी त्याच्यामुळे वक्ता वगैरे झाले नाही. पण नोकरीत पुढे दोन-तीनदा अन्यायाविरुद्ध उभे राहायची वेळ आली, तेव्हा मी क्षणभर डोळे मिटले आणि बोलले. ही युक्ती मला एका तेलुगू म्हाताऱ्याकडून मिळाली, ज्याला मी कधी पाहिले नाही.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा घर रिकामे करून किल्ली परत द्यायची होती. सामान आधीच गेले होते; टॅक्सी दाराशी आली तरी अण्णा दिसेनात. मी मागच्या अंगाला गेले. ते कोळशाच्या खोलीत वाकून उभे होते. गॅस आल्यापासून तिथे कोळसा नव्हता, नुसती जमीन काळी होती. मी दारात आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी छत्री वर केली आणि तिच्या लोखंडी टोकाने दगडी फरशीवर हलकेच ठोके दिले. मग मान तिरपी करून, डोळे मिटून, ते ऐकत राहिले.

“अण्णा,” मी म्हटले, “पक्कं आहे का?”

ते दचकले नाहीत. “पक्कं आहे की,” म्हणाले, आणि छत्री काखेत मारून, वाकून, बाहेर उजेडात आले.